नावाचा गोटा

वाट सोपी आहे, बाबूजी. काही भेव नाई. या सागाच्या रांगेतून सरळ जा, नाल्यावर लाकडाचा पूल लागन, पूल वलांडला का बाघ नदी. तिथं साहेबायनं बसाले बाकडं ठेवलं आहे. बूट घालून जा नाई तं अनवानी जा, पायाले खडा रुतनार नाई. सगळे खडे फोडून, चेंदून, दाबून बसवले आहेत. कोनाचे खडे, ते सांगते मंग.

पन जरा थांबा. आत्ता तुमी त्या चुना लावलेल्या पांढऱ्या ढिगावर गोटा ठेवला न, अन् 'ईश्वरदास' म्हनलं? मी ऐकलं. काऊन म्हनलं? गोंदियाचे समदे बाबू म्हनतेत म्हनून तुमीही म्हनलं, होय न? अन् आता मलेच विचारता, ईश्वरदास कोन होता, म्हनून. होता नाई, बाबूजी, आहे. आमच्या गावचा मालगुजार, सगळ्या जमिनीचा मालक. मरायले काय धाड भरली त्याले! दोन्ही वेळा भात खाते, पान खाते. रावसाहेब झाला आता.

बसा. इतक्या दुरून गाडीत बसून फिराले आलात तं या रुख्मा बुडीचंही ऐकून जा.

ही वाट आमची होती. आमच्या आज्या-पंज्यायनं चालून चालून पाडलेली. नदीपारच्या बांदीत धान रोवन्याले जायचं तं हीच वाट, आमगावच्या बाजाराले जायचं तं हीच, अन् माघात कचारगडच्या देवाले जानारे गोंड लोकही हीच धरत. सोपी नव्हती. काटे होते, पावसात गुडघाभर चिखल होता. पन कोनाले विचारून चालावं लागत नव्हतं.

नाल्यापाशी मोहाचं मोठं झाड होतं. त्याच्याखालून शामकलाच्या बापाले वाघानं नेलं. शामकला माझी पोरगी, तिचा बाप म्हनजे माझा नवरा. धान कापनीचे दिवस होते. तो पुढं गेला, मी शिदोरी घेऊन मागून निघाली. मी पोचली तं विळा होता, धोतराचा तुकडा होता, अन् तो नव्हता. बस. त्याच्यापुढचं नाई सांगत.

तुमाले शहरात हे माहीत नसन. ज्याले वाघ नेते, त्याचा जीव वाघाच्या पाठीवर बसून रानोमाळ फिरते, असं आमच्याकडं म्हनतेत. त्याले खाली उतरवायचं तं एकच उपाय. जिथून नेलं तिथं येनाऱ्या-जानाऱ्यानं एक गोटा ठेवायचा अन् त्याचं नाव घेऊन म्हनायचं, "बस गा बाबा, हा तुझा गोटा." नाव ऐकलं का त्याले घर आठवते, मंग तो उतरून बसते. गोटा नुसता ठेवून चालत नाई, नाव पाहिजे.

गावानं ठेवले, बापा. कापनीले जानाऱ्या बायायनं ठेवले, गुराख्यायनं ठेवले. ज्यायनं त्याले कधी पाह्यलं नव्हतं, त्या गोंड लोकायनंही नाव विचारून घेतलं अन् ठेवले. ढीग माझ्या छातीएवढा झाला होता.

अन् माझी गत अशी, का नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसते. तुमच्या गोंदियात घेत असतीन आता. आमच्यात नाई. जिवंत होता तवा घेतलं नाई, मेल्यावरही नाई. मी गोटा ठेवो अन् तोंड मिटून उभी राहो. मंग दुसरं कोनी येईपर्यंत मोहाखाली पालापाचोळा वेचत बसो. कोनीतरी ये, गोटा ठेवे, नाव घे. तेवढंच मले ते नाव ऐकायले भेटे. घरी कोन घेनार? शामकला 'बाबा' म्हने, तिची आजी तं तिच्या जन्माआधीच गेली. हसा तुमी, पन मले असं वाटे, का कोनी त्याले जेवायले हाक मारून राहिलं.

तं असं चाललं होतं. अन् मंग साहेब लोकायले फिरायची हौस आली.

गोंदियाच्या कोन्या मोठ्या साहेबाची मेम इकडं आली, तिनं नदी पाह्यली, सागाचं रान पाह्यलं अन् म्हनली, इथं रविवारी पायी फिराले चांगली वाट पाहिजे. चढ नको, चिखल नको, काटा नको. मेमसाहेब म्हनली अन् आमचा ईश्वरदास मालगुजार हात जोडून उभाच होता. त्याले 'रावसाहेब' पदवी पाहिजे होती. त्याच्यासाठी तो साहेबाचे बूटही डोक्यावर घेऊन नाचला असता. "हुजूर, पुढच्या हिवाळ्याच्या आत बागेसारखी वाट करून देतो," म्हनला. करनार कोन? आमी. मालगुजाराचं काम म्हनजे बिनपैशाचं काम, ते काही नवं नाई.

पन लोक अडले. म्हनले, वाट करू, मालक, पन मोहाखालचा ढीग मधात येते, त्याले आमी हात लावनार नाई. वाघाच्या मानसाचा ढीग आहे.

मंग ईश्वरदास माझ्या दारात आला. जन्मात पहिल्यांदा. अंगनात उभा राह्यला अन् म्हनला, "रुख्मा, तू सांगतलं तं लोक ऐकतीन. ढिगाले कोनी बोट लावनार नाई. वाट वळसा घालून नेतो. धानाची आन घेतो."

अन् त्यानं खरंच माझ्या ढोलीतलं मूठभर धान हातात घेतलं अन् आन घेतली. आमच्याकडं धान हातात घेऊन कोनी खोटं बोलत नाई. असं मले वाटे, बाबूजी. आमी धानकरी, आमच्यासाठी धान म्हनजे देव. त्याच्यासाठी धान म्हनजे कोठारातला माल, हे माझ्या डोस्क्यात आलंच नाई.

मी गावाले सांगतलं, करा काम. आन घेतली आहे त्यानं. मी स्वतः टोपली घेऊन माती टाकाले गेली. माझा दीर दुधराम, म्हनजे माझ्या नवऱ्याचा सख्खा लहाना भाऊ, त्याले मालगुजारानं कामावरचा मुकादम केलं. तो डोक्याले फेटा बांधून फिरे अन् आपल्याच भाऊबंदायवर वरडे. तरी मी म्हनलं, चांगलं झालं, ढिगावर घरच्या मानसाचं ध्यान राहीन.

मंग पावसाळ्यात शामकलाले दिवस भरले. मी तिच्या सासरी गेली, सडक अर्जुनीकडं. पोरगी झाली तिले. बारसं उरकून, तिले जरा उठती-बसती करून मी परत आली.

दुरूनच मोह दिसला. मोहाखाली काही नव्हतं.

मले वाटलं, डोळ्यापुढं अंधारी आली आहे, म्हनून दिसत नाई. जवळ गेली. जमीन साफ. झाडून घेतल्यासारखी. अन् नाल्याच्या काठाले आठ-दहा गडी बसून घनानं गोटे फोडून राहिले. दुधराम मधात उभा.

"वयनी," म्हनला, अन् खाली पाहाले लागला.

"काय करून राहिला रे दुधराम?"

"पावसानं वाट धसली, वयनी. नाल्यापाशी दलदल झाली. मेमसाहेब हप्त्यात येनार. गिट्टी पाहिजे होती अन् जवळ दुसरा गोटाच नव्हता. मालकानं सांगतलं."

"मालकानं सांगतलं! मालकानं उद्या मायच्या हाडायची गिट्टी कर म्हनलं, तं करशीन?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनतेत न, ते मी डोळ्यानं पाह्यलं. सगळ्या मुलखातून एकेक करून आलेले गोटे, कचारगडच्या लोकायनं ठेवलेले, माझ्या हातचे, शामकलानं लहानपनी फराकीच्या ओच्यात आनलेले. घन पडे अन् फुटत. मी एकाच्या हातातून एक गोटा हिसकला. तो तेवढा साबूत राह्यला. पदरात घेतला अन् घरी आली. त्या दिवशी मी ईश्वरदासच्या वाड्यापुढं उभी राहून अशा शिव्या दिल्या, का ऐकून बाया कानात बोटं घालतीन. कोनी बाहीर आलं नाई. दरवाजा लावून घेतला.

पन आता पुढचं ऐका. खरी गंमत पुढंच आहे.

मेमसाहेब आली. वाटेनं चालली, पूल पाह्यला, खुश झाली. तिच्यासंगं तिचा खानसामा होता, इकडचाच, आमगावचा. त्यानं बोलता बोलता तिले सांगतलं, का इथं वाघानं नेलेल्या मानसाचा ढीग होता, लोक नाव घेऊन गोटा ठेवत. मेमसाहेबनं दोन्ही हात गालाले लावले. कुठं आहे? पाहाचा आहे! ईश्वरदासले घाम फुटला. तुमच्याच बुटाखाली आहे, हे कसं सांगावं? म्हनला, "हुजूर, दुरुस्तीले काढला आहे. पुढच्या येतवारी तयार राहीन."

दुरुस्तीले! ढिगाची दुरुस्ती ऐकली होती का तुमी कधी?

मंग नदीतले गोल गोल गोटे गाड्यानं आनले. चुना लावला. वाटेच्या कडेले, जिथं सावली चांगली पडते, तिथं रचले. मोह तं बाकड्याच्या फळ्यासाठी ढीग फोडल्यावर लगेच कापला होता. तुमी जो ढीग पाह्यला, तो हा. त्याच्या खाली कोनी मेलं नाई, कोनी गेलं नाई. नुसता शोभेचा.

अन् मेमसाहेबनं निरोप धाडला, त्या मानसाची बायको आहे म्हनतेत, तिच्या हातानं पहिला गोटा ठेवायचा.

ईश्वरदास दुसऱ्यांदा माझ्या अंगनात आला. संगं नवं लुगडं. मी म्हनलं, "लुगडं न्या परत. मी येते." त्याले वाटलं, बुडी वठनीवर आली. माझ्या मनात काय होतं ते मलेही माहीत नव्हतं. एकच वाटे, मेमसाहेबले सांगाचं, बाई, तू ज्याच्यावरून चालून राहिली तो माझ्या मानसाचा ढीग आहे. मंग जे व्हायचं ते होवो.

गेली मी. साहेब लोक, त्यायच्या मेमा, लेकरं, कुत्री, सगळा मेळा. गावाचे लोक मागं उभे केले होते, दुधराम सगळ्यात मागं. मी तोंड उघडलं तं खानसामा आडवा आला. "चुप रह, बुढिया. जितना पूछे उतना बोल." माझ्या हातात एक पांढरा गोटा दिला. मेमसाहेब वाकून, गोड हसून तोडक्या हिंदीत म्हनली, "नाम क्या बोलने का?"

मी ईश्वरदासकडं पाह्यलं. मालगुजार होता, त्यानं सांगाचं होतं. त्यानं तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. अन् मंग माझ्या ध्यानात आलं, बाबूजी. त्याले नाव माहीत नव्हतं. ज्याचा ढीग फोडला, ज्याच्यासाठी धान हातात घेतलं, त्या मानसाचं नाव त्याले येत नव्हतं. त्याच्यासाठी तो 'दुधरामचा भाऊ' होता, नाई तं 'नाल्यापलीकडचं कूळ'.

"सांग वो," तो माझ्यावरच खेकसला. "सांग न लवकर, नाव काय?"

मी कशी सांगू? माझ्या तोंडात ते नाव बसतच नाई. अन् अंगाची अशी लाही झाली का विचारू नका. मी तो पांढरा गोटा ढिगावर ठेवला, ईश्वरदासच्या डोळ्यात पाह्यलं अन् मोठ्यानं म्हनलं, "ईश्वरदास. बस गा बाबा, हा तुझा गोटा."

मागं गावात कोनीतरी खोकललं. ईश्वरदासचं तोंड चुन्यासारखं झालं. पन मेमसाहेब कशी खुश! "इश्वरदास!" म्हनली अन् गोटा ठेवला. साहेबानं ठेवला, "इश्वरदास." लेकरायनं ठेवले. खानसाम्यानं कानात सांगतलं वाटते, का मालगुजाराचंही नाव हेच. तं मेमसाहेब हसून त्याले म्हनली, अरे वा, तुमचाच नाववाला! अन् तो हात जोडून हसला. काय करन? बुडी खोटं बोलली म्हनाले गेला, तं खरं काय ते सांगावं लागते. खरं सांगाले गेला, तं जुना ढीग कुठं गेला ते निघते. पदवी तोंडाशी आली होती. गिळलं त्यानं.

तवापासून दर येतवारी हेच. गाडी आली का साहेब येतेत, बाबू येतेत, जिवंत मानसाच्या नावानं गोटा ठेवतेत अन् 'बस' म्हनतेत. मलेही बोलावतेत. नव्या मेमा आल्या का मी त्यायले शिकवते, जीभ वळत नाई त्यायची, चार-चार वेळा म्हनून घेते. ईश्वरदास. ईश्वरदास. गावाले हसू आवरत नाई. माझंही पोट भरे हसून, लपवून काय करू?

पदवी भेटली त्याले. गावजेवन दिलं. पन या वाटेवर पाय ठेवत नाई तो. येतवारी खिडक्या लावून घेते. दोन्ही वेळा खाऊनही अंग सुकून दोरी झालं. आपला गोटा आधीच ठेवला आहे, याचं भेव; वाघाचं नाव काढलं का उठून आत जाते.

अन् एक दिवस तिसऱ्यांदा आला अंगनात. या वेळी बसला, खाली, मातीत. रावसाहेब!

"रुख्मा," म्हनला, "हात जोडतो. नाव बदल. मेमसाहेबले सांग का चुकलं."

"ढीग आनून द्या, मालक. होता तसा."

"तो कसा आनू? ते गोटे तं रोलरखाली..."

"मंग नाव तरी कसं बदलू?"

"अवं, खरं नाव सांग त्यायले. तुझ्या मानसाचं. तुलेही बरं वाटन."

मी म्हनलं, "मी नाई घेत त्याचं नाव, तुमाले माहीत आहे. तुमी घ्या. तुमी सांगा मेमसाहेबले. काय नाव होतं, मालक?"

त्याले अजूनही येत नव्हतं. इतके महिने झाले होते, बाबूजी. याच नावापायी त्याची झोप उडाली होती. गावात कोनालेही विचारता आलं असतं. तरी विचारलं नव्हतं. कायले विचारन? स्वतःचं नाव गेलं याचीच रड होती त्याले.

"निघा," म्हनलं मी. गेला.

तुमाले वाटन, बुडीनं चांगला सूड उगवला. मलेही तसंच वाटलं होतं. त्याच दिवशी, तो गेल्यावर, मी तो साबूत राह्यलेला गोटा काढला अन् नाल्यापाशी गेली. मोहाचं नुसतं खुंट उरलं आहे तिथं. गावाचे लोक आता या वाटेनं येत नाईत, येऊ देत नाईत. डोक्यावर भारा असला का चौकीदार वरच्या रानातून जा म्हनून हाकलते. गोंड लोकही तिकडूनच जातेत. दुधराम तं मान खाली घालून दुसरीकडूनच जाते, दारू पिते अन् पडून राह्यते. म्हनजे त्याचं नाव घेनारं कोनी उरलंच नाई. मी म्हनलं, जळो ती रीत. नवऱ्याचं नाव बाईनं घेतलं तं काय आभाळ पडनार आहे? पडलं तं पडो. कोनीच घेत नाई, तं मी घेते.

खुंटाजवळ गोटा ठेवला. पदर सावरला. डोळे मिटले. अन् तोंड उघडलं.

"ईश्वरदास," म्हनलं मी. "बस गा बाबा, हा तुझा गोटा."

तोंडातून तेच आलं, बाबूजी. येतवारी येतवारी घोकून जिभेले तेच लागलं होतं. माझ्या मानसाच्या जागेवर, माझ्या हातानं, मी त्या मेल्यालेच बसवलं. मी तिथंच मटकन बसली अन् स्वतःच्या तोंडात मारून घेतली. पुन्हा म्हनाले गेली, तं पुन्हा तेच येईन म्हनून तोंड मिटून घेतलं.

रडत नाई मी. कचरा गेला डोळ्यात.

तुमी आता फिराले जा. वाट सोपी आहे, सांगतलं न. फक्त नाल्यापाशी पूल लागाच्या आधी डाव्या हाताले खुंट दिसन, तिथं एकच गोटा आहे, साधा, चुना नसलेला. त्याच्यावर दुसरा ठेवा. अन् त्या पांढऱ्या ढिगावरचं नाव तिथं घेऊ नका. मी जे सांगते ते घ्या. आत्ताच सांगते, तुमी गेल्यावर पुन्हा जमनार नाई.

बकाराम.

बकाराम म्हना, बाबूजी. जरा मोठ्यानं म्हना, म्हनजे मले इथं ऐकू येईन.